लेक बॉनीच्या पूर्व भागातलं नायट्रेट कोणी खात का नाही: एक प्रकरण अभ्यास

सूक्ष्मजीवांच्या इकॉलॉजीत मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं एक प्रकरण इथे सविस्तर लिहितोय. यातलं संशोधन प्रसिद्ध झालेलं आहे, पण माणसांची नावं मुद्दाम टाकत नाही, कारण मुद्दा कोणी काय शोधलं हा नाहीये, कुठल्या वळणावर काय ठरवलं आणि त्याने काय मिळालं हा आहे. जागेचं नाव मात्र खरं ठेवलंय, कारण जागा काढली तर प्रकरणच उरत नाही.

पार्श्वभूमी

अंटार्क्टिका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नुसता बर्फ येतो, पण मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमध्ये उघडी जमीन आहे, दगड, वाळू, सुसाट वारा आणि मध्येमध्ये तळी. त्यातल्या टेलर व्हॅलीत, टेलर ग्लेशियरच्या अगदी तोंडाशी, लेक बॉनी आहे. वर्षाचं सरासरी तापमान उणे १७ ते उणे २० च्या आसपास. तळ्यावर ३ ते ५ मीटर जाड बर्फाचं झाकण बारा महिने असतं, उन्हाळ्यात फक्त काठाकाठाने पाण्याची एक अरुंद पट्टी सुटते. झाकणाखाली मात्र पाणी आहे, सगळ्यात खोल जागी साधारण ४० मीटर. मासे नाहीत, बाकी प्राणीही जवळजवळ नाहीतच, जे काही आहे ते बॅक्टेरिया, शैवाल, प्रोटिस्ट (केंद्रक असलेले एकपेशी जीव) आणि व्हायरस. म्हणजे नायट्रोजनचं सगळं चक्र सूक्ष्मजीवच चालवतात, मध्ये दुसरं कोणी लुडबुडत नाही, आणि म्हणूनच अभ्यासाला ही जागा इतकी छान.

तळ्याचे दोन भाग आहेत, पश्चिम आणि पूर्व. मध्ये एक चिंचोळी जागा आणि तिच्याखाली सुमारे १३ मीटरवर एक उंबरठा. त्यामुळे वरचं पाणी इकडून तिकडे जातं, पण उंबरठ्याच्या खालचं पाणी आपापल्या भागात अडकून राहिलेलं आहे. १९०३ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉटच्या माणसांनी ही चिंचोळी जागा बघितली तेव्हा ती जेमतेम ५ मीटर रुंद होती, आज ती कितीतरी पट रुंद झालीय कारण तळ्याची पातळी वाढतच गेलीय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बर्फाच्या लगेच खालचं पाणी गोडं, ग्लेशियर वितळून आलेलं. खाली जाल तसं मीठ वाढत जातं आणि पूर्व भागाच्या तळाशी ते समुद्राच्या साधारण चौपट होतं. ग्लासात खाली घट्ट पाक घालून वर हळूच पाणी ओतलं आणि कोणी चमचाच घातला नाही, तर जसे थर राहतील तसे हे थर राहिलेत. वारा पाण्याला शिवत नाही कारण वर झाकण. त्यामुळे खाली जे काही हलतं ते जवळजवळ फक्त रेणूंच्या विसरणाने, म्हणजे आपोआप हळूहळू पसरण्याने, आणि विसरणाने १० मीटर जायचं म्हणजे हजार-दोन हजार वर्षांचा मामला आहे. तापमानसुद्धा अजब, पूर्व भागात मधल्या खोलीवर पाणी ६ अंशांपर्यंत गरम आणि पश्चिम भागाच्या तळाशी उणे ४-५ अंश, तरी खारट असल्यामुळे गोठत नाही.

वरच्या थरात ऑक्सिजन भरपूर, नेहमीपेक्षाही जास्त, कारण शैवाल बनवतात आणि बर्फामुळे तो बाहेर पडत नाही. खारट थरात शिरलं की ऑक्सिजन झपाट्याने संपतो. आणि तिथूनच आपलं प्रकरण सुरू होतं.

अडचण नेमकी काय होती

आधी थोडं नायट्रोजनचं, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. अमोनियमपासून नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवणारे बॅक्टेरिया असतात, त्यांना ऑक्सिजन लागतो, हे नायट्रिफिकेशन. ऑक्सिजन संपला की दुसरी मंडळी कामाला लागतात, ती ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात, नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, हे डीनायट्रिफिकेशन. जगात जिथे जिथे ऑक्सिजन संपलाय आणि नायट्रेट शिल्लक आहे तिथे हे होतंच असं आपण गृहीत धरतो. लांब कशाला, आपल्या अरबी समुद्रात मधल्या खोलीवर जो ऑक्सिजन-तुटीचा पट्टा आहे तो खुल्या समुद्रातल्या डीनायट्रिफिकेशनच्या तीन मोठ्या पट्ट्यांपैकी एक, गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी पश्चिम किनाऱ्यालगत उथळ पाण्यातसुद्धा ऑक्सिजन संपतो, नायट्रेट खाल्लं जातं आणि नायट्रस ऑक्साइड साचतो. तिथे काही आठवड्यांत जे होतं ते लेक बॉनीच्या पूर्व भागात होईना.

पश्चिम भागात सगळं पुस्तकातल्यासारखं. ऑक्सिजन संपतो तिथून खाली नायट्रेट आणि नायट्राइट जवळजवळ गायब. पूर्व भागात तसंच थंड, तसंच खारट, तसंच ऑक्सिजन नसलेलं पाणी, पण नायट्रेट जसंच्या तसं बसलेलं, नायट्राइटही आहे, तळाकडे अमोनियमही आहे, आणि यावर कडी म्हणजे नायट्रस ऑक्साइड. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात पूर्व भागात तो लिटरमागे ४० मायक्रोमोलच्या वर निघाला, म्हणजे हवेशी समतोल असता तर जितका असायला हवा होता त्याच्या ७ लाख टक्क्यांहून जास्त. नैसर्गिक पाण्यात तोपर्यंत एवढा कोणी मोजलेलाच नव्हता.

म्हणजे खाद्य आहे, ऑक्सिजन नाही, वेळ तर शेकडो वर्षांचा मिळालाय, तरी काम झालेलं नाही. शेजारच्या भागात झालंय. का?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण तो उलटा आहे. आपण एरवी विचारतो की ही प्रक्रिया कोण करतं, किती वेगाने करतं. इथे विचारायचंय की जी व्हायलाच हवी होती ती का होत नाही, आणि न होणाऱ्या गोष्टीचा पुरावा गोळा करणं हे होणाऱ्या गोष्टीपेक्षा कितीतरी अवघड असतं.

पहिलं वळण: आकडा खरा मानायचा का

एवढा मोठा आकडा आला की पहिला संशय सॅम्पलवर जातो आणि जायलाच हवा. तिथे सॅम्पल कसं घेतात ते थोडं बघा म्हणजे कळेल. आधी ऑगर लावून ४ मीटर बर्फातून भोक पाडायचं, मग ते रुंद करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं खाली सोडतात, त्यातून गरम ग्लायकॉल फिरवतात, बर्फ हळूहळू वितळतो. मग दोरीने सॅम्पलर बाटली ठरलेल्या खोलीवर उतरवायची, दोरीवरून एक वजन सोडायचं, ते आदळलं की बाटलीची झाकणं बंद. वर आली की हवा शून्याच्या खाली, नळ गोठायच्या आत पाणी काढून घ्यायचं. वायूचं सॅम्पल असेल तर रबरी नळी छोट्या बाटलीच्या तळापर्यंत घालून पाणी खालून भरायचं, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि बुडबुडा न ठेवता बूच लावायचं. यातल्या प्रत्येक पायरीला नायट्रस ऑक्साइड निसटू शकतो आणि ऑक्सिजन आत शिरू शकतो.

गंमत अशी की या चुका आकडा कमी करतात, वाढवत नाहीत. वायू निसटून जाईल, बाहेरून येणार नाही कारण बाहेरच्या हवेत तो नगण्य आहे. म्हणून आकडा खरा मानण्यात धोका कमी होता. ऑक्सिजनचं मात्र उलटं, सॅम्पलमध्ये थोडासा ऑक्सिजन दिसला तर तो तळ्यातला की बाटली उघडताना शिरलेला हे सांगणं कठीण, आणि डीनायट्रिफिकेशन थांबायला थोडासा ऑक्सिजनही पुरतो. माझ्या मते हा मुद्दा पुढे सगळ्या चर्चेत जितका यायला हवा होता तितका आला नाही.

शक्यता कुठल्या होत्या

ढोबळमानाने पाच-सहा शक्यता समोर होत्या आणि त्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

सगळ्यात सोपी म्हणजे डीनायट्रिफिकेशन करणारे बॅक्टेरिया पूर्व भागात नाहीतच. दोन्ही भाग खालून वेगळे आहेत तर असेल कदाचित, असं वाटू शकतं.

दुसरी, आहेत पण थंडी किंवा मीठ झेपत नाही. ही मला पहिल्यापासून कच्ची वाटते, कारण पश्चिम भागाचा तळ तर आणखी थंड आहे आणि तोही समुद्राच्या कितीतरी पट खारट, आणि तिथे काम झालेलं आहे. शेजारी जिवंत कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, असताना ही शक्यता तिथेच गळते.

तिसरी, खायला कार्बन नाही. डीनायट्रिफिकेशनला सेंद्रिय कार्बन लागतो. वरून पडणारं शैवाल कमी, आणि शैवाल कमी का तर तिथे फॉस्फरस नाही. ड्राय व्हॅलीजमध्ये नायट्रेट जमिनीत हवेतून येऊन साठत जातं, जुन्या मातीत तर जास्तच, पण फॉस्फरसला दगड झिजावा लागतो आणि त्यासाठी वाहतं पाणी लागतं, जे वर्षातले काही आठवडेच असतं. शैवालांना नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण १६ ला १ लागतो, बॉनीत नायट्रोजनचं पारडं त्याहून कितीतरी जड आहे, त्यामुळे तिथे फॉस्फरसची तूट. त्याच व्हॅलीतल्या फ्रिक्सेल आणि होअर तळ्यांत मात्र नायट्रोजनही कमी पडतो. म्हणजे काही किलोमीटरवर चित्र वेगळं.

चौथी, धातू कमी पडतात. ही शक्यता ऐकायला लांबची वाटते पण खूप गंभीर आहे. नायट्रेटवर काम करणाऱ्या एन्झाइमला मॉलिब्डेनम आणि लोह लागतं, नायट्राइटच्या एन्झाइमचे दोन प्रकार आहेत, एक लोहाचा, एक तांब्याचा, आणि नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन वायू करणारं एन्झाइम तांब्याशिवाय चालतच नाही. आता बघा, पश्चिम भागाला टेलर ग्लेशियरच्या तोंडातून लोहयुक्त खारट पाणी मिळतं, तोच तो लाल डाग, ब्लड फॉल्स. पूर्व भाग त्यापासून लांब.

पाचवी बरोबर उलटी, धातू जास्त आहेत आणि विषारी ठरतात. पूर्व भागाचा तळ म्हणजे कधीकाळी आटून आटून घट्ट झालेलं पाणी, तळाशी मिठाचे थर बसलेत, त्यात धातूही घट्ट झाले असतील.

आणि सहावी, जी सगळ्यात शेवटी गंभीरपणे घेतली जाते पण पहिल्यांदा घ्यायला हवी, की आपण बघतोय ते आजचं नाहीच. ही जुनी शिल्लक आहे.

काय काय केलं

या कोड्यावर काम करणाऱ्या संशोधकांच्या टीमने सुरुवात बॅक्टेरियांपासून केली आणि ती योग्य होती. पूर्व भागाच्या पाण्यातून डीनायट्रिफिकेशन करणारे बॅक्टेरिया वेगळे करून लॅबमध्ये वाढवले, त्यातला मॅरिनोबॅक्टर वंशाचा एक स्ट्रेन पुढे खूप वापरला गेला. मग त्या बॅक्टेरियांना ओळखणाऱ्या अँटिबॉडी बनवल्या, त्यांना चमकणारा रंग लावला आणि तळ्याच्या पाण्यात मायक्रोस्कोपखाली मोजणी केली. दोन्ही भागांत ते सापडले. लॅबच्या मिडियममध्ये ऑक्सिजन काढला, नायट्रेट दिलं, की हेच बॅक्टेरिया मुकाट डीनायट्रिफिकेशन करतात. पहिली शक्यता तिथेच संपली.

इथे दुसरं वळण आलं. बॅक्टेरिया आहेत, त्यांना येतंही, मग आता प्रत्यक्ष तळ्याच्या पाण्यात वेग मोजायचा. वेग मोजायची एक स्वस्त पद्धत म्हणजे ॲसिटिलीन घालायचं, त्याने शेवटची पायरी अडते आणि नायट्रस ऑक्साइड साचत जातो, तो मोजायचा. पण ज्या पाण्यात आधीच एवढा नायट्रस ऑक्साइड भरलाय तिथे थोडी वाढ दिसणार कशी, आणि ॲसिटिलीन नायट्रिफिकेशनही बंद पाडतं. म्हणून अशा ठिकाणी जड नायट्रोजनचा, म्हणजे १५ भाराच्या समस्थानिकाचा माग काढणं हाच बरा रस्ता. महाग आहे, सॅम्पल घरी नेऊन मास स्पेक्ट्रोमीटरवर चढवावं लागतं, निकाल हातात येईपर्यंत सीझन संपलेला असतो. म्हणजे चुकलं तर दुरुस्ती पुढच्या वर्षी. थंड प्रदेशातल्या कामाची ही मोठी अडचण आहे, लॅबमध्ये सकाळचा प्रयोग फसला तर संध्याकाळी परत लावता येतो, इथे नाही.

मोजमापातून जे चित्र आलं ते रासायनिक चित्राशी जुळणारंच होतं, पश्चिमेला डीनायट्रिफिकेशन होतं, पूर्वेला दिसत नाही.

मग तिसरं आणि सगळ्यात मोठं वळण, धातू. टीमने ठरवलं की पूर्वेच्या खोल पाण्यात बॅक्टेरियांची वाढ कशाने अडते ते बघायचं. पाण्यात वेगवेगळ्या गोष्टी घालून बघायच्या, पोषक द्रव्यं घालायची, धातू घालायचे, आणि उलट बाजूने धातूंना बांधून टाकणारे चिलेटर घालायचे. चिलेटर घातल्यावर वाढ सुधारली तर धातू विषारी होते, धातू घातल्यावर सुधारली तर कमी पडत होते, अशी सरळ आखणी. कागदावर फारच सुंदर.

प्रत्यक्षात अडचण अशी की चिलेटर निवडक नसतो. तो विषारी धातू बांधतो तसा गरजेचाही बांधतो. आणि समुद्राच्या कितीतरी पट खारट पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इतकं असतं की चिलेटरचा बराच भाग त्यांच्यातच गुंततो, मग आपण घातलेल्या मात्रेतून नेमकं काय बांधलं गेलं हे हिशोबाने काढावं लागतं आणि अशा घट्ट पाण्यासाठी ते हिशोब डळमळीत असतात. त्यात आणखी, धातूंचं काम म्हणजे सगळी साधनं ॲसिडने धुतलेली, धातूचा स्पर्श नको. आणि भोक पाडायला आपण काय वापरलं, तांब्याची नळी. ती नळी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातच असते, खोल पाण्यात जात नाही, आणि बाटली बंद खोलीवर होते, त्यामुळे घोटाळा झालाच असं मी म्हणत नाही, पण तांब्यावर प्रश्न विचारणाऱ्या प्रयोगात तांबं भोकापासून लांबच ठेवलेलं बरं.

निकाल

२००५ पर्यंतच्या कामानंतर हातात काय होतं? बॅक्टेरिया आहेत हे पक्कं. त्यांना डीनायट्रिफिकेशन येतं हेही पक्कं. थंडी आणि मीठ हे कारण नाही, पक्कं. पूर्वेच्या पाण्यातच काहीतरी आहे किंवा काहीतरी नाही, ज्यामुळे त्यांचं काम अडतं, हे खूपच दाट. पण एका धातूकडे किंवा एका पोषक द्रव्याकडे बोट दाखवून हाच दोषी असं म्हणता आलं नाही.

काही लोकांना हे अपयश वाटतं, मला अजिबात वाटत नाही. चार सोपी उत्तरं मुळासकट काढून टाकणं हे मोठं काम आहे, आणि तेही अशा ठिकाणी जिथे प्रत्येक बाटली हेलिकॉप्टरने जाते-येते आणि वापरलेलं पाणी, रसायन, माणसांचं मूत्रसुद्धा परत न्यावं लागतं. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण संरक्षणाचा प्रोटोकॉल १९९१ मध्ये सह्या होऊन १९९८ पासून लागू आहे, २००४ पासून ड्राय व्हॅलीजना खास व्यवस्थापन क्षेत्राचा दर्जाही आहे. तिथे हवे तेवढे रिप्लिकेट, म्हणजे त्याच प्रयोगाच्या जादा प्रती, लावता येत नाहीत हे मान्य करूनच निकाल वाचायला हवा.

एक गोष्ट मात्र निकालात उठून दिसते. पूर्व भागाचं पाणी सरसकट विष आहे असं नाही. १७ मीटरवरून क्लॅमिडोमोनास वंशाचं एक हिरवं शैवाल वेगळं केलेलं आहे, जे कमी प्रकाशात, थंडीत, खारट पाण्यात मजेत वाढतं आणि आज जगभरच्या लॅबमध्ये थंडीप्रेमी शैवालाचं मॉडेल म्हणून वापरलं जातं. म्हणजे जे काही अडवतंय ते एकतर त्याहून खोल आहे किंवा ते श्वसनाच्या त्या विशिष्ट साखळीलाच अडवतंय.

काय वेगळं करता आलं असतं

इथे मी माझं मत लिहितोय, मागाहून बोलणं सोपं असतं हे धरूनच.

पहिली गोष्ट, वयाचा प्रश्न आधी. विसरणाला हजारो वर्षं लागत असतील तर २० मीटरवरचं नायट्रस ऑक्साइडचं शिखर आज बनतंय की कधीकाळी बनलेलं नुसतं टिकून आहे हे आकडे बघून कळत नाही. अमोनियम खालून वर येतं, ऑक्सिजन वरून खाली, दोघं भेटतात तिथे नायट्रिफिकेशन करणारे बॅक्टेरिया कमी ऑक्सिजनमध्ये नायट्रस ऑक्साइड सोडतात, असं मूळ स्पष्टीकरण आहे आणि ते पटण्यासारखं आहे. पण ते आज चालू आहे का? पूर्व भाग कधीतरी आटून खारट डबक्यासारखा झाला होता आणि नंतर त्यावर गोडं पाणी चढलं असं मानलं जातं, पश्चिम भागाचा इतिहास वेगळा आहे. म्हणजे दोन्ही भागांची सुरुवातच वेगळ्या पाण्यापासून झाली असेल. मग पूर्वेला डीनायट्रिफिकेशन का होत नाही याबरोबर पश्चिमेला ते कधी झालं हेही विचारायला हवं. समस्थानिकांचं प्रमाण प्रत्येक खोलीवर मोजून, विसरणाचं गणित मांडून, बॅक्टेरियांना हात लावायच्या आधी यातलं बरंच सुटलं असतं.

दुसरी, अजैविक शक्यता. हे त्या वेळी सुचणं अवघड होतं, त्यामुळे दोष देत नाही. २०१० मध्ये शेजारच्या राइट व्हॅलीतल्या डॉन हुआन तळ्यातून असं दाखवलं गेलं की अतिखारट पाणी आणि दगडातली लोहाची खनिजं यांच्या नुसत्या रासायनिक प्रक्रियेतून, कुठलाही जीव न लागता, नायट्रस ऑक्साइड बनतो. बॉनीत तेच होतंय असा याचा अर्थ अजिबात नाही, पण नायट्रस ऑक्साइड दिसला म्हणजे बॅक्टेरिया आलेच हे गृहीतक त्या दिवशी मोडलं. मारलेल्या पाण्याचा कंट्रोल, म्हणजे गाळून किंवा विष घालून जीव काढलेल्या पाण्यात लांब मुदतीचा प्रयोग, हा आता प्रत्येक आखणीत असलाच पाहिजे.

तिसरी, आपल्याला माहीत असलेलेच जीव शोधले गेले. अँटिबॉडी ज्याच्यासाठी बनवली तेच चमकतं. अमोनियाचं ऑक्सिडेशन करणारा आर्किया (बॅक्टेरियासारखाच दिसणारा पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव) पहिल्यांदा लॅबमध्ये वाढवला गेला तो २००५ मध्ये, समुद्रात अमोनियम आणि नायट्राइट एकत्र करून नायट्रोजन वायू बनवणारे बॅक्टेरिया सापडले ते २००० नंतर. म्हणजे मूळ काम चालू असताना नायट्रोजनचं चक्र आपल्याला जेवढं माहीत होतं त्याहून मोठं निघालं. आज कोणी गेलं तर अँटिबॉडीऐवजी पाण्यातला सगळा डीएनए आणि शक्य झालं तर आरएनए वाचेल, आणि जीन आहे की नाही यापेक्षा ते चालू आहे की बंद हे विचारेल. आरएनए मात्र बाटली वर येईपर्यंत बदलतो, तो खोलीवरच फिक्स करायची सोय आधी करावी लागेल.

चौथी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, पाण्याची अदलाबदल. पूर्वेचा बॅक्टेरिया पश्चिमेच्या पाण्यात, पश्चिमेचा पूर्वेच्या पाण्यात, आणि मग दोन्ही पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून. समजा पूर्वेच्या पाण्यात पश्चिमेचं थोडंसंच पाणी घातल्यावर काम सुरू झालं, तर काहीतरी कमी पडत होतं. उलट पश्चिमेच्या पाण्यात पूर्वेचं थोडं घातल्यावर काम बंद पडलं, तर काहीतरी विषारी आहे. धातूंची एकेक यादी तपासत बसण्यापेक्षा हा प्रयोग आधी कमी की जास्त एवढं सांगतो, आणि त्यानंतर अर्धी यादी आपोआप बाद होते. मीठ दोन्हीकडे सारखं करून घ्यावं लागेल, ऑक्सिजन पूर्ण बाहेर ठेवावा लागेल, पण चिलेटरचा गोंधळ मात्र टळतो. पाणीही फार लागत नाही, छोट्या सीलबंद बाटल्यांत होतं.

पाचवी, मुदत. शून्याच्या आसपासच्या पाण्यात उपाशी बॅक्टेरिया काही दिवसांत काही करत नाहीत म्हणून ते करूच शकत नाहीत असं म्हणता येत नाही. सीझन संपतो म्हणून प्रयोग संपवणं हा निर्णय वेळापत्रकाचा झाला, विज्ञानाचा नाही. बाटल्या त्याच तापमानाला ठेवून मागे स्टेशनवर किंवा घरी वर्षभर चालवता आल्या तर कमी वेगाची प्रक्रियाही दिसेल, फक्त वर्षभरात बाटलीच्या भिंतीवर बॅक्टेरिया चिकटून जे वेगळं जग तयार होतं त्याचा कंट्रोल ठेवावा लागेल.

आणि यात घाई आहे. तळ्याची पातळी वर चढतेय, गोड्या पाण्याचा थर जाड होतोय, बर्फाचं झाकण बदलतंय, उंबरठ्यावरचं पाणी दोन भागांत जास्त मोकळेपणाने फिरतंय. खोल थर अजून जागचे हललेले नाहीत, म्हणून तुलना अजून शक्य आहे. माझ्या हातात एकच सीझन आणि हेलिकॉप्टरची मोजकीच वजनाची परवानगी असती तर धातूंचा संच घरी ठेवला असता, दोन्ही भागांतून मीटरमीटरला समस्थानिकांची सॅम्पलं घेतली असती आणि उरलेल्या जागेत फक्त अदलाबदलीच्या बाटल्या भरल्या असत्या.